होल्ड बॅक : धरतंय कोण आणि धरतंय काय?

प्रश्न : ताई, आमचा मुलगा चौथीपर्यंत गावच्या मराठी शाळेत होता, यंदा पाचवीला इंग्लिश मिडियमच्या हायस्कूलात घातला. पहिल्या टर्मच्या रिपोर्ट कार्डावर टीचरने रिमार्क लिहिलाय, 'गुड आयडियाज, बट हिज स्पेलिंग इज होल्डिंग हिम बॅक.' माझ्या दिराने अर्थ सांगितला की होल्ड बॅक म्हणजे परत त्याच वर्गात बसवतात, ते ऐकून सासूबाईंनी घरात सुतक असल्यासारखं तोंड केलंय. पण मी ऑफिसात बघते तर तिथे काँट्रॅक्टरचं बिल होल्ड बॅक करतात, टीव्हीवर पोलीस गर्दीला होल्ड बॅक करतात. मग नक्की अर्थ काय? आणि मुलगा पास होणार ना?
– एक आई, डिचोली

उत्तर : आधी सासूबाईंना सांगा की त्या वाक्यात पास-नापास असलं काहीच नाहीय, जेवा पोटभर. टीचरने मुलाचं कौतुकच केलंय खरं तर. पोराच्या डोक्यात कल्पना चांगल्या आहेत, पण स्पेलिंग आडवं येतंय, एवढाच अर्थ. चौथीपर्यंत सगळं मराठीत आणि पाचवीला एकदम विज्ञान-भूगोल इंग्लिशमधून, मग स्पेलिंग चुकणारच की, गोव्यातल्या कितीतरी घरांत पाचवीचं वर्ष असंच जातं.

असं वाक्य दिसलं की पहिलं बघायचं ते धरणारा कोण आहे. इथे धरणारं आहे स्पेलिंग. माणूस नाही, शाळा नाही, एखादी उणीव किंवा अडचण जेव्हा कुणाला होल्ड बॅक करते तेव्हा ती त्याची प्रगती अडवते. लाजरेपणा होल्ड बॅक करतो, गुडघेदुखी करते, कर्जसुद्धा करतं.

दीर अगदीच चुकले नाहीत हां. धरणारी शाळा असेल आणि धरलेला विद्यार्थी, तर अर्थ तोच, त्याच वर्गात ठेवणं. आपल्याकडे तर हा शब्द थेट कायद्यात आहे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 16 मध्ये होतं की प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कुठल्याच मुलाला कुठल्याच वर्गात 'हेल्ड बॅक' करायचं नाही. 2019 मध्ये ते कलम बदललं. आता पाचवी आणि आठवीला वर्षाच्या शेवटी परीक्षा असते, नापास झाला तर जादा शिकवणी, निकालानंतर दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षा, आणि त्यातही गेला तर सरकारने परवानगी दिली असल्यास शाळा त्याच वर्गात ठेवू शकते. काढून मात्र टाकता येत नाही. म्हणजे पहिल्या टर्मच्या रिमार्कावरून कुणाला पाचवीत बसवून ठेवत नाहीत, आणि तसं सांगायचंच असतं तर टीचरने 'ही मे बी हेल्ड बॅक' असं काहीतरी लिहिलं असतं.

आता दुसरी गोष्ट, धरलंय काय. पणजीत शिगम्याच्या मिरवणुकीत चित्ररथ जवळ आला की पोलीस दोरी ताणून लोकांना मागे रेटतात, ते गर्दीला होल्ड बॅक करणं. साळावलीचं धरण नदीचं पाणी होल्ड बॅक करतं, म्हणजे अडवतं. डोळ्यांतलं पाणी होल्ड बॅक केलं की आपण आवरलं म्हणतो, हसूही आवरतो, राग मात्र गिळतो. काँट्रॅक्टरच्या बिलातली काही टक्के रक्कम कामात दोष निघाला तर हाताशी असावी म्हणून राखून ठेवतात, ते तुमच्या ऑफिसातलं होल्ड बॅक. आणि माहिती होल्ड बॅक केली तर? 'ही इज होल्डिंग समथिंग बॅक' म्हणजे हा सगळं सांगत नाहीय, हातचं राखून बोलतोय. मला तर वाटतं हा 'हातचं राखून' इंग्लिशवाल्यांना मिळाला असता तर त्यांनी आनंदाने घेतला असता.

कधीकधी पुढे काहीच नसतं, नुसतंच 'शी हेल्ड बॅक'. म्हणजे ती कचरली, बोलायचं होतं पण गप्प बसली. याच्या उलट 'डोन्ट होल्ड बॅक'. जत्रेच्या नाटकाची तालीम आठवा, नवखा मुलगा रडायचा सीन अर्धवट करतो, एक डोळा समोर बसलेल्या मित्रांकडे, आणि दिग्दर्शक ओरडतो, अरे मोकळा सूट, लाजतोस काय! तेच ते.

व्याकरणाचं एकच सांगते. गर्दी, पाणी असं नाम असेल तर ते मध्ये घाला नाहीतर शेवटी, दोन्ही चालतं. पण 'हिम', 'देम' असलं सर्वनाम मध्येच हवं. 'होल्ड बॅक हिम' लिहिलं तर मात्र टीचर लाल पेन काढणार.

प्रश्न : मी कळंगुटच्या एका हॉटेलात रिसेप्शनला आहे. गेस्टने मेल केला, 'प्लीज होल्ड ऑफ ऑन चार्जिंग माय कार्ड.' मी ते होल्ड बॅकसारखंच समजायचं का?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : नको हो, यात पैशांचा घोळ होईल. होल्ड ऑफ म्हणजे सध्या थांबा, नंतर करा. गेस्ट म्हणतोय कार्डावर इतक्यात पैसे लावू नका. 'होल्ड बॅक द डिपॉझिट' असतं तर डिपॉझिट परत न करता ठेवून घ्या असा अर्थ झाला असता, आणि असं स्वतः गेस्ट कशाला लिहील, ते लिहितो मॅनेजर, रूममधला टीव्ही फुटल्यावर. पावसालाही होल्ड ऑफ लावतात, 'द रेन हेल्ड ऑफ' म्हणजे येईल येईल म्हणताना पाऊस आलाच नाही. गेस्टने 'वी आर हेल्ड अप' लिहिलं तर ते कुठेतरी अडकलेत, पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये असतील, रूम दुसऱ्याला देऊ नका. आणि पहिल्या मेलला उत्तर देताना कार्ड कधी चार्ज करू ती तारीखच विचारून घ्या, कारण होल्ड ऑफ कधीपर्यंत ते त्याने लिहिलेलंच नाही.