‘इंडियन’ हा रकाना आणि आमचे घर

तुमच्या पत्रासोबत तुम्ही एक तक्ता पाठवला आहे आणि त्याखाली विचारले आहे की, ब्रिटनमध्ये भारतीयांची कमाई गोऱ्यांपेक्षाही जास्त आणि बांगलादेशींची सर्वांत कमी असेल, तर चिंचवडच्या कारखान्यात बारा वर्षे क्वालिटीचे काम केलेल्या माणसाने बायको-मुलीसह तिकडे येण्यात धोका तो कोणता? व्हिसाच्या अटी, पगाराची किमान मर्यादा, अर्जांचे शुल्क यांविषयी मी लिहिणार नाही. ते सरकारी पानांवर आहे आणि दर वर्षी बदलते. मी तक्त्याविषयीच लिहिते, कारण त्या तक्त्यात आमचे घरही कुठेतरी मोजलेले आहे. उत्तर लांबले तर दोष तुमच्या प्रश्नाचा नाही.

तक्ता खरा आहे, हे आधी मान्य करते. २०१८ च्या सरकारी आकडेवारीनुसार भारतीय वंशाच्या नोकरदाराची तासाची मध्यम मजुरी (म्हणजे निम्म्यांची याहून कमी, निम्म्यांची जास्त) १३.४७ पौंड, गोऱ्या ब्रिटिशाची १२.०३ आणि बांगलादेशी वंशाच्या माणसाची ९.६० पौंड होती. त्याच वर्षी कायद्याने ठरलेले प्रौढांचे किमान वेतन ७.८३ पौंड होते, म्हणजे बांगलादेशी मजुरी त्या तळापासून फारशी वर नव्हती. स्वतःच्या मालकीच्या घरांचे चित्रही तसेच आहे. इंग्लंडमध्ये २०१६ ते २०१८ या काळात भारतीय कुटुंबांपैकी ७४ टक्के, गोऱ्या ब्रिटिशांपैकी ६८ टक्के आणि बांगलादेशींपैकी ४६ टक्के कुटुंबे स्वतःच्या घरात राहत होती. मात्र हे आकडे वाचून तुम्ही जे अनुमान काढले, ते मीही पंधरा-सोळा वर्षांपूर्वी काढले होते: आपण मेहनती, शिकलेले, शिस्तीचे, म्हणून आपण वर, ते तसे नाहीत, म्हणून ते खाली.

बांगलादेशी म्हणून इथे मोजले जाणारे बहुतेक लोक एकाच भागातले, आजच्या बांगलादेशाच्या ईशान्येकडच्या सिल्हेटचे आहेत. सिल्हेट १९४७ पर्यंत आसाम प्रांतात होते; त्या जुलैत तिथे सार्वमत झाले आणि करीमगंजचा भाग वगळता जिल्हा पूर्व पाकिस्तानात गेला. मते उलटी पडली असती तर हीच माणसे आज भारतीयांच्या रकान्यात असती आणि आपली सरासरी खाली आली असती. ब्रिटिश बोटींच्या इंजिनघरात कोळसा ओढणाऱ्या सिल्हेटी खलाशांपैकी काही लंडनच्या गोदीत उतरून राहिले, त्यांच्यामागोमाग पन्नास-साठच्या दशकांत त्यांच्या गावचे तरुण आले आणि उत्तरेकडच्या कापडगिरण्यांत, बर्मिंगहॅमच्या ओतकाम कारखान्यांत लागले. ते एकेकटे राहत आणि पैसे गावी पाठवत. बायकामुले आली ती सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आणि ऐंशीच्या दशकात, म्हणजे नेमक्या गिरण्या बंद पडत होत्या तेव्हा. कुटुंब आले आणि काम गेले, अशा वेळी घर घेणार कसे? ती कुटुंबे पूर्व लंडनमध्ये कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, भाड्याच्या घरांत आणि ब्रिक लेनच्या आसपासच्या शिवणकारखान्यांत शिरली. तिथेही सुख नव्हते. १९७८ च्या मे महिन्यात अल्ताब अली या कापडकामगाराचा तिथे वांशिक द्वेषातून खून झाला, त्याच्या नावाचे उद्यान आज व्हाइटचॅपलला आहे.

‘भारतीय’ म्हणजे तर एक समाजच नाही. पश्चिम लंडनमधल्या साउथॉलच्या कारखान्यांत राबलेले जालंधरकडचे पंजाबी, साठच्या दशकात सरकारी इस्पितळांत आलेले डॉक्टर, आणि १९७२ मध्ये तिथला हुकूमशहा इदी अमीन याने नव्वद दिवसांची मुदत देऊन हाकललेले युगांडातले गुजराती, हे सगळे त्या एका रकान्यात आहेत. युगांडातून सुमारे २८ हजार माणसे ब्रिटनमध्ये आली. त्यांच्यापैकी अनेकांचे पैसे तिथेच अडकले. पण दुकान चालवणे, हिशेब ठेवणे, बँकेशी इंग्रजीत बोलणे हे कोणी विमानतळावर काढून घेतले नाही. लेस्टरच्या कौन्सिलने त्या वेळी युगांडातल्या वर्तमानपत्रात ‘आमच्याकडे येऊ नका’ अशी जाहिरात दिली होती, आणि आज तेच शहर या लोकांच्या यशाची गोष्ट पाहुण्यांना सांगते. तरी त्या पिढीतल्या बायकांनी काय केले तेही पाहा. १९७६ मध्ये लंडनमधल्या विल्सडेनच्या ग्रनविक या फोटो धुण्याच्या कारखान्यात जयाबेन देसाई यांनी संप पुकारला, तेव्हा त्यांच्याबरोबर बाहेर पडलेल्या बहुतेक बायका आफ्रिकेतून आलेल्या, बऱ्या घरच्या गुजराती होत्या. दोन वर्षे चाललेला तो संप अखेर हरला.

आपली मराठी माणसे या रकान्यात मोठ्या संख्येने आली ती फार उशिरा. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ चे, त्याआधी बाबासाहेब इथे शिकून गेलेले, हे सारे खरे. पण मुख्य लोंढा गेल्या पंचवीस वर्षांतला, संगणकाच्या कामावरचा, आणि तो चाळणीतून आलेला. चाळणी म्हणजे काय ते आमच्याच घरावरून सांगते. माझे यजमान २००९ च्या सप्टेंबरात कंपनीच्या बदलीवर आले. एप्रिल २०१० नंतर अशा बदलीवर आलेल्यांना कायमच्या वास्तव्याचा मार्ग बंद झाला. आम्ही आधी आलो होतो म्हणून पाच वर्षांनी राहू शकलो. त्यांच्याच टीममधला, त्यांच्याइतकाच हुशार सहकारी २०१० च्या पावसाळ्यात आला आणि मुदत संपल्यावर कुटुंबासह पुण्याला परतला. आम्ही तुमच्या तक्त्यात आहोत, तो नाही. ज्याची नोकरी जाते, ज्याचा व्हिसा संपतो, ज्याला इथे जमत नाही, तो भारतीय माणूस विमानात बसतो आणि सरासरीतून नाहीसा होतो. ज्याचे इथे तीन पिढ्यांचे घर आहे आणि परतायला गावच उरले नाही, तो सिल्हेटी आपली गरिबी घेऊन तक्त्यातच राहतो.

आणि जे चाळणीतून खाली पडले नाहीत, तेही सगळे वर असतात असे नाही. मी बी.फार्म. झालेली. नाशिकला सहा वर्षे एका औषध कंपनीत काम केलेले. इथे फार्मासिस्ट म्हणून नोंदणी करायची तर वर्षभराचा परदेशी पदवीधरांचा अभ्यासक्रम, त्यानंतर वर्षभराचे प्रशिक्षण आणि मग परीक्षा. त्याला माझी तयारी होती. अडले ते कागदांवर. माझ्या विद्यापीठाने गुणपत्रकांची प्रत मोहोरबंद लिफाफ्यात परस्पर पाठवायची होती. सासऱ्यांनी विद्यापीठाच्या खिडकीवर चार खेपा घातल्या. पहिल्या खेपेला चलन चुकीच्या खात्यात भरले गेले म्हणून परत, दुसऱ्या खेपेला संबंधित कारकून रजेवर, तिसऱ्या खेपेला लिफाफा मिळाला पण त्याच्या मागच्या पट्टीवर शिक्का नव्हता. चौथ्या खेपेचा लिफाफा लंडनला पोहोचला तेव्हा लग्नानंतरचे माझे नाव त्यावरच्या नावाशी जुळत नव्हते. गॅझेट, प्रतिज्ञापत्र, विवाहाचा दाखला, त्याचे प्रमाणित भाषांतर, हे सारे जमेपर्यंत राज्य परिषदेने दिलेल्या वर्तणूक-दाखल्याची मुदत संपली. मी तो पुन्हा मागवला नाही. दुसऱ्यांदा का मागवला नाही, याचे उत्तर यजमानांना मी आजवर नीट दिलेले नाही. मी औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहिले आणि अजून तेच करते. २०२१ च्या मार्चमधल्या जनगणनेच्या अर्जात पदवी आहे का या प्रश्नाला मी ‘हो’ असे उत्तर दिले, नोकरीच्या जागी ‘विक्री सहाय्यक’ लिहिले आणि वंशाच्या जागी ‘इंडियन’वर खूण केली. तुमच्या तक्त्यातली भारतीय बाई ती ही.

आमचे पहिले घर पूर्व लंडनमधल्या ईस्ट हॅमला, एका टेलिफोन कार्डांच्या दुकानावर होते. समोरच्या दारात एक सिल्हेटी कुटुंब. बाईंना आम्ही आपा म्हणत असू. त्यांचे यजमान एसेक्समधल्या एका ‘इंडियन’ रेस्टॉरंटात आचारी होते. दुपारी तीनला निघत आणि रात्री एक वाजून गेल्यावर जिन्यात त्यांच्या बुटांचा आवाज येई. या देशातली बहुतेक जुनी ‘इंडियन’ रेस्टॉरंटे सिल्हेटी माणसांनी चालवलेली आहेत, म्हणजे पाटीवर आपले नाव आणि भट्टीपुढे त्यांचा माणूस. सरकारी तक्त्यात मात्र त्याची मजुरी त्याच्या रकान्यात पडते. आपांच्या घरात एका खोलीत तीन मुले, सासू आणि एक मोठा तांदळाचा डबा. त्यांच्या यजमानांनी तीस वर्षे गावी पैसे पाठवले होते. तिकडे अशा कुटुंबाला ‘लंडनी’ म्हणतात, आणि सिल्हेटकडच्या मौलवीबाजारच्या बाजूला त्यांचे दुमजली पक्के घर होते, ज्यात वर्षातले अकरा महिने कुणीच राहत नसे. आमचे उलट झाले. २०१५ मध्ये वायव्य लंडनमधल्या हॅरोला आम्ही घर घेतले, त्याच्या सुरुवातीच्या रकमेपैकी निम्म्याहून जास्त पैसे सासऱ्यांनी इंदिरानगरचा प्लॉट विकून पाठवले. आपांच्या घरची बचत इथून तिकडे गेली आणि आमची तिकडून इथे आली. मोजणाऱ्याने फक्त इथले घर मोजले, आणि आम्ही मालक ठरलो, ते भाडेकरू.

आता मुलाच्या शाळेविषयी, कारण तुमची मुलगी आठ वर्षांची आहे. आमचा मुलगा साडेपाच वर्षांचा असताना इथे पहिलीत गेला. अर्जात घरची भाषा मराठी असे प्रामाणिकपणे लिहिले होते. त्याला प्राण्यांच्या नावांच्या टेबलांपैकी ‘कासव’ टेबलावर बसवले. कासव टेबलाला वेगळी, सोपी पुस्तके मिळतात, हे आम्हाला दीड वर्षाने कळले. आपांची मधली मुलगी त्याच शाळेत दोन वर्षे पुढे होती आणि तिच्याही बाबतीत तेच घडले होते. आपांना इंग्रजी फारसे येत नव्हते, तरी त्या थोरल्या मुलीला दुभाषी म्हणून घेऊन शाळेत गेल्या आणि एकच वाक्य तीनदा म्हणाल्या: काय कारणाने बसवले ते लिहून द्या. लिहून द्यायची वेळ आली तेव्हा मुलगी वरच्या टेबलावर गेली. मला त्यांनी तोडक्या हिंदीत बजावले की तोंडी बोलू नका, कागद मागा. मी मान हलवली आणि मनात म्हटले, ही कौन्सिलच्या घरातली भांडणाची रीत आहे, आपली नव्हे.

हॅरोच्या माध्यमिक शाळेत मुलगा गणिताच्या पाचपैकी चौथ्या गटात गेला, तेव्हाही मी शिक्षकांशी हसून बोलले. दहावीपासून त्याला गणिताच्या खालच्या पातळीच्या प्रश्नपत्रिकेला बसवायचे ठरले. त्या पातळीवर कितीही बरोबर सोडवले तरी नऊपैकी पाचच्या वर श्रेणी मिळत नाही. मी शाळेला पत्र लिहिले, दोनदा वाचले आणि पाठवले नाही. तो परीक्षेला बसायच्या वर्षी, २०२० मध्ये, साथीमुळे परीक्षाच झाल्या नाहीत आणि शिक्षकांच्या अंदाजाने गुण मिळाले. त्याला पाच मिळाले. पुढे गणित घेता आले नाही. तो आता दुसरे काही शिकून नोकरी करतो आणि त्याची तक्रार नाही; तक्रार माझी आहे. एवढे मात्र आकड्यांतही दिसते की, सोळाव्या वर्षीच्या परीक्षांत बांगलादेशी मुले आता गोऱ्या ब्रिटिश मुलांच्या सरासरीच्या पुढे आहेत. आईबापांचा रकाना आणि मुलांचा रकाना एक नसतो, आणि आमच्या जिन्यात तो दोन्हीकडे उलटा होता.

एकटेपणाबद्दल तुम्ही विचारले आहे. तो पहिल्या हिवाळ्यात असतो, मंडळाच्या गणपतीत कमी होतो, आणि त्याने कोणी परत गेल्याचे मी पाहिलेले नाही.

तुमच्यापुरते सांगायचे तर तक्ता बाजूला ठेवा आणि तीन गोष्टींचा हिशेब मांडा: तुमच्या एकट्याच्या पगारात चार वर्षे घर चालते का, तुमच्या पत्नींची शिक्षिकेची पात्रता इथे चालेल हे गृहीत न धरता त्या काय करतील, आणि नोकरी गेली तर परतायला चिंचवडचे घर राहील का. ते घर विकून येऊ नका. भारतीय सरासरीला जो आधार आहे, त्यातला बराच भाग अशा घरांचा आहे आणि तो कुठल्याच तक्त्यात दिसत नाही. आणि तुमच्या पत्नींचे सगळे कागद लग्नाआधीच्या आणि नंतरच्या नावांसह, शिक्क्यांसह, निघण्यापूर्वीच करून घ्या. इथून कोणाला तरी खिडकीवर पाठवून ते होत नाहीत.

पहिले घर हॅरोला घेऊ नका. ईस्ट हॅमच्या बाजूला बघा. ते सोडताना ओळखीच्यांना आम्ही ‘एरिया बरा नव्हता’ असे सांगितले होते आणि हॅरोच्या वास्तुशांतीला चाळीस माणसे बोलावली होती, त्यांत आपा नव्हत्या. त्या अजून त्याच घरात आहेत असे त्यांच्या मधल्या मुलीकडून कळते. ती आता हिशेबतपासनिसांच्या एका कचेरीत आहे. तुमच्या मुलीच्या शाळेसाठी त्यांच्याइतके उपयोगी माणूस मला दुसरे माहीत नाही. त्यांचा नंबर माझ्याकडे आहे, पण तो तुम्हाला द्यायचा तर आधी मला त्यांना फोन करावा लागेल.