‘आठवीपर्यंत किती निरागस होता हो!’

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की ही तक्रार घेऊन पालक माझ्याकडे समुपदेशनाला यायला लागतात. “आता दार लावून बसतो, काही विचारलं की ‘काही नाही’.” माणसं बदलतात, सूर तोच. एका आईने तर पुरावाच आणला होता. मुलाच्या उशीखाली सापडलेली, मिलिंद बोकील यांची ‘शाळा’.

“नववीतली पोरं, मुलींकडे बघत बसणं, ‘लाइन देते का’ असली भाषा! हे वाचूनच बिघडला तो.”

२००४ साली आलेली ही कादंबरी ज्यांच्या वाचनात नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आणीबाणीचा काळ, नववीतला मुकुंद जोशी, त्याचे मित्र आणि त्याला आवडणारी शिरोडकर. ती शेवटी गाव सोडून जाते आणि जोशीला दहावीत एकट्यानेच जावं लागतं.

त्या आईचा मुलगा ओम (नाव बदललं आहे) पहिल्या भेटीत टेबलावरच्या पेपरवेटशी खेळत राहिला. ‘तुला कुणी आवडतं का’ हा प्रश्न आई विचारून चुकली होती, मी तो काढलाच नाही. पुस्तकाबद्दल मात्र तो भरभरून बोलायचा. म्हणून एकदा विचारलं, “जोशीच्या घरच्यांना त्याच्याबद्दल काय माहीत नाही?”

“त्यांना वाटतं त्याला काही कळत नाही. त्याला सगळं कळत असतं.”

“म्हणजे कसं?”

तो गप्प झाला. अशी शांतता आपण बोलून भरायची नाही. समोरच्याचं ऐकून घेण्यावर भर देणारे मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स, त्यांच्या वाटेने मी जाणारी, आणि याबाबतीत माझा हट्ट थोडा जास्तच आहे.

“बाबांची लॅपटॉपची बॅग,” तो म्हणाला. “खुर्चीवरची बाजूला ठेवायला उचलली, तर एकदम हलकी. आत नुसता डबा आणि पेपर.”

बाबांची नोकरी गेली होती. लॅपटॉप कंपनीचा, तो परत गेला होता. तरी आई रोज डबा भरायची, बाबा ठरल्या वेळी बॅग खांद्याला लावून निघायचे आणि रात्री स्वयंपाकघरात दोघांची कुजबुज चालायची. ओमच्या अभ्यासावर परिणाम नको, एवढाच हेतू.

“आणीबाणीत लोक असंच हळू बोलत असतील ना?” त्याने विचारलं.

तेव्हा मला उलगडा झाला. कुणीतरी आवडायला लागणं हा मोठं होण्यातला त्यामानाने सोपा भाग. आपले आईबाबाही घाबरतात आणि घाबरून खोटं बोलतात, हे कळणं अवघड. ओम तर त्याच्याही पुढे गेला होता. आईबाबांचं नाटक उघडं पडू नये म्हणून तोच तोंड मिटून होता. ज्याला ते जपत होते, तो त्यांना जपत होता! इतक्या वर्षांत अशी मुलं मी बरीच पाहिली आहेत, आणि त्यांना ‘बिघडलेली’ म्हटलं की मला राग येतो.

ओमची परवानगी घेऊन आईबाबांशी बोलले. “त्याला कशाला टेन्शन?” बाबा म्हणाले. टेन्शन त्याला होतंच, फक्त नेमकं काय झालंय ते ठाऊक नव्हतं. मी सुचवलं, काय झालं, सध्या घर कशावर चाललंय आणि त्याच्या क्लासचं काय होणार, एवढं सरळ सांगा. कर्जाचे आकडे नकोत. ‘तू फक्त अभ्यास कर’ हे तर अजिबात नको. बाबांनी त्याच रविवारी सांगितलं. ओमचा पहिला प्रश्न होता, “मग दिवसभर तुम्ही बसता कुठे?”

आणि पुस्तकाचं म्हणाल, तर नववीतल्या मुलाने ‘शाळा’ जरूर वाचावी. हिसकावून घेऊ नका, आधी स्वतः वाचा. मग ‘तुमच्या वर्गात असं चालतं का?’ ही उलटतपासणी टाळून नुसतं ‘तुला यातलं कोण पटलं?’ विचारा. जोशीला मोकळेपणी बोलायला एक नरूमामा होता. त्याचे सल्ले मी कुणाला देणार नाही, पण तो ऐकून घ्यायचा.

ओमच्या आईनेही अखेर पुस्तक वाचलं. नरूमामा त्यांना मुळीच आवडलेला नाही, आणि त्यावरून जेवताना मायलेकांचे जोरदार वाद चालतात.