कडुनिंब ठेवा, पेव्हर कमी करा

प्रश्न : सांगलीत विश्रामबागजवळ 4 गुंठ्यांत घर बांधतोय. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो कडुनिंब काढू, सगळीकडं पेव्हर ब्लॉक टाकू. काय करू?

उत्तर : दादा, कडुनिंब तोडू नका हो, पश्चिमेला असेल तर दुपारचं ऊन तोच अडवतो, आणि जेसीबी लावायच्या आधी वरची वीतभर माती कडेला ढीग करून झाकून ठेवा, बागेला तीच लागणार. पेव्हर फक्त गाडीपुरते. 1000 स्क्वेअर फूट स्लॅबवर 100 मिलिमीटर पाऊस पडला की साधारण 9000 लिटर पाणी होतं, ते टाकीत घ्या! पण जादा पाणी जमिनीत मुरवायचा शोषखड्डा घराच्या पायाला खेटून नको, आपली काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते, मग भिंतींना तडे जातात. आणि 2019 चा पूर आठवतोय ना, जोत्याची उंची पूररेषा बघूनच ठरवा.