वाचकांचे प्रश्न : स्वामीजींचा वारसा आणि विद्यापीठातील संशोधन

हैदराबाद मुक्तिसंग्राम, म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानातील जनतेने भारतात सामील होण्यासाठी दिलेला लढा, आणि त्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्याविषयी गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : मी नांदेड जिल्ह्यातील असून इतिहास विषयात पीएच.डी.साठी नोंदणी करणार आहे. ज्या विद्यापीठाला स्वामीजींचे नाव आहे, तेथे त्यांच्या ‘जीवन व कार्या’वर प्रबंध लिहावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. मार्गदर्शक मात्र म्हणतात की, यावर पुष्कळ लिहून झाले आहे. नवे असे काय उरले आहे?

उत्तर : आपल्या मार्गदर्शकांचे म्हणणे मला पटते, परंतु तेवढ्यावरून आपण हा विषय सोडून द्यावा, असे मी सुचवणार नाही. ३ ऑक्टोबर १९०३ रोजी सिंदगी येथे जन्मलेले व्यंकटेश भवानराव खेडगीकर १९३२ मध्ये संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ झाले, हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि त्यानंतर अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात त्यांनी अध्यापन केले, १९३८ मध्ये स्थापनेपूर्वीच बंदी घातल्या गेलेल्या हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात ते तुरुंगात गेले आणि पुढे त्याच संघटनेचे नेतृत्व करीत १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात सामील होईपर्यंतचा लढा त्यांनी चालवला, हा घटनाक्रम आता सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या इंग्रजीतील आठवणीही १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आहेत. अनंत भालेराव आणि नरहर कुरुंदकर यांच्यासारख्या लेखकांनी या लढ्याचा वैचारिक अन्वयार्थ मराठीत फार उंचीवर नेऊन ठेवला आहे. त्याच घटनाक्रमाला पाच प्रकरणांत बसवून आणि शेवटी ‘निष्कर्ष व शिफारशी’ जोडून पदवी मिळेलही, पण स्वामीजींविषयी आज आपल्याला जे ठाऊक आहे त्यात एका ओळीचीही भर पडणार नाही.

माझी सूचना अशी की, आपण नेत्याकडून गावाकडे जाण्याऐवजी गावाकडून नेत्याकडे यावे. एक तालुका घ्या. उमरी घ्या, भोकर घ्या, बिलोली घ्या. आपल्या आजोळचा तालुका असेल तर उत्तमच. मग असे प्रश्न विचारा : १९४७-४८ मध्ये स्टेट काँग्रेसचा निरोप या तालुक्यातल्या वाडीपर्यंत कोणामार्फत पोहोचत होता? भूमिगत कार्यकर्त्यांना कोणाच्या घरी भाकरी मिळत होती आणि त्या घरातल्या बाईचे नाव कोठे नोंदले गेले आहे काय? दुसऱ्या महायुद्धाच्या काळात संस्थानात धान्याची सक्तीची लेव्ही, म्हणजे शेतकऱ्याने सरकारला द्यावयाचा धान्याचा ठरावीक वाटा, वसूल होत असे. तिच्याविषयीचा शेतकऱ्याचा राग आणि राष्ट्रवादाची घोषणा या दोन गोष्टी कोणत्या ठिकाणी एकत्र आल्या? ३० जानेवारी १९४८ रोजी लढ्यातील कार्यकर्त्यांनी उमरीची बँक लुटली, ही गोष्ट सर्वजण अभिमानाने सांगतात. परंतु त्यानंतर उमरीच्या आसपासच्या गावांना काय भोगावे लागले, याची तारीखवार आणि गाववार नोंद करणे हे एका प्रबंधाला पुरेल एवढे काम आहे.

या कामात पहिली अडचण भाषेची येईल. संस्थानचा कारभार उर्दूत चालत होता, महसुलाचे जुने कागद मोडीत आहेत आणि आपल्या पिढीला बहुधा दोन्ही लिप्या वाचता येत नाहीत. नोंदणीनंतरचे पहिले वर्ष आपण या दोन लिप्या शिकण्यासाठी राखून ठेवावे, असा माझा आग्रह आहे. ते वर्ष वाया जात नाही. दुसरी अडचण कालगणनेची. संस्थानच्या कागदांवर फसली सन, म्हणजे महसुलासाठी वापरली जाणारी कालगणना, असतो आणि त्यात साधारणपणे ५९० मिळवले म्हणजे इसवी सन मिळतो. मात्र हैदराबादचे फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू होत असल्याने १३५७ फसली म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८ हा काळ धरावा लागतो. एवढा एक हिशेब चुकला तर जानेवारी १९४८ मधील अटक जानेवारी १९४७ मध्ये जाऊन बसते आणि पुढचा सगळा युक्तिवाद कोसळतो. छापील प्रबंधांत ही चूक मी एकाहून अधिक वेळा पाहिली आहे, म्हणून इतक्या विस्ताराने लिहिले.

साधनांची वानवा नाही. हैदराबादच्या पुराभिलेखागारात निजाम सरकारच्या दप्तरांचे गठ्ठे आहेत आणि दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात संस्थान खात्याच्या फायली आहेत. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ मध्ये सुरू केलेल्या ‘मराठवाडा’ साप्ताहिकासारख्या नियतकालिकांतून त्या काळचा लोकांचा आवाज ऐकू येतो. याखेरीज एक साधन फारच दुर्लक्षित राहिले आहे : स्वातंत्र्यसैनिकांनी निवृत्तिवेतनासाठी केलेले अर्ज. त्या अर्जांना जोडलेल्या प्रतिज्ञापत्रांत आणि सहकाऱ्यांच्या दाखल्यांत गाव, तुरुंग आणि लढ्यातील कार्यकर्त्यांचा सीमेवरचा कॅम्प यांची माहिती सापडते. उमरखेडसारख्या ठिकाणी, म्हणजे संस्थानच्या हद्दीबाहेर, जे कॅम्प उभे राहिले, त्यांचा इतिहास या दाखल्यांतून बराचसा जुळवता येईल. अर्थात, निवृत्तिवेतन मिळावे म्हणून केलेला अर्ज कोणत्या हेतूने लिहिला गेला, याचे भान ठेवूनच तो वाचला पाहिजे.

आणखी एक गोष्ट मी टाळणार नाही. रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूने लढणाऱ्या सशस्त्र स्वयंसेवकांच्या, अत्याचारांविषयी आपल्याकडे बरेच लिहिले गेले. सप्टेंबर १९४८ मध्ये भारताने संस्थानात सैन्य पाठवून केलेल्या, ‘पोलीस कारवाई’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कारवाईनंतर संस्थानातील मुस्लिम वस्त्यांवर जे ओढवले, त्याविषयी फार थोडे. भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्याची चौकशी केली होती आणि तिचा अहवाल दीर्घकाळ लोकांसमोर आला नव्हता. आता तो वाचता येतो. त्या अहवालाला बगल देऊन लिहिलेला मुक्तिसंग्रामाचा इतिहास अपुरा राहील, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : मी लातूरच्या महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. दर वर्षी १७ सप्टेंबरला ध्वजारोहण आणि व्याख्यान होते, त्यानंतर वर्षभर काही होत नाही. इतिहासाबाहेरच्या विषयांत स्वामीजींच्या विचारांना धरून संशोधन होऊ शकते काय?

उत्तर : होऊ शकते, आणि आपल्या विषयात तर ते अगदी स्वाभाविक आहे. संन्यास घेण्यापूर्वी स्वामीजींनी कामगार नेते ना. म. जोशी यांच्याबरोबर काम केले होते, ही बाजू आपण पुष्कळदा विसरतो. स्वातंत्र्यानंतर जमिनीचा प्रश्न त्यांच्या दृष्टीने केंद्रस्थानी होता आणि भूदानाच्या कार्यातही ते सहभागी झाले. १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या, १९५० मध्ये हैदराबादचा कूळ कायदा आला. या दोन घटनांनंतर मराठवाड्यातल्या एखाद्या गावात जमीन प्रत्यक्षात कोणाच्या नावावर गेली आणि कोणाच्या नावावर गेली नाही, हे सातबाऱ्याच्या जुन्या फेरफारांवरून पाहता येते. तेथून आजच्या ऊसतोडीच्या स्थलांतरापर्यंत प्रश्नांची सलग साखळी आहे. ज्या कुटुंबांना त्या वेळी जमीन मिळाली नाही, त्यांचीच नातवंडे आज कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात जातात काय? उत्तर ‘होय’ असेल असे गृहीत धरू नये, ते तपासावे.

विद्यापीठांनी काय करावे, असेही आपण पत्राच्या शेवटी विचारले आहे. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी, म्हणजे मुद्दाम निवडलेल्या दिवशी, स्थापन झाले. लातूर आणि नांदेडच्या विद्यार्थ्याला छत्रपती संभाजीनगरला हेलपाटे घालावे लागू नयेत, हा त्यामागचा एक हेतू होता, आणि शिक्षण खेड्यापर्यंत नेण्याच्या स्वामीजींच्या विचाराशी तो सुसंगतच आहे. मला स्वतःला नव्या पुतळ्यापेक्षा उर्दू आणि मोडी लिप्यांचे नियमित वर्ग, तसेच हैदराबादला दोन महिने राहून कागद पाहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला मिळणारा प्रवास व निवासाचा खर्च अधिक मोलाचा वाटतो. १९३८ मध्ये उस्मानिया विद्यापीठातून ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल काढून टाकलेल्या विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला नसता, तर त्यांच्यापैकी अनेकांचे शिक्षण तेथेच थांबले असते. विद्यापीठाचा एक प्रशासकीय निर्णय माणसाचे आयुष्य कसे वळवतो, याचे हे उदाहरण आपल्याच लढ्यातले आहे.

प्रश्न : माझे सासरे मुक्तिसंग्रामात होते. त्यांच्या लोखंडी पेटीत पत्रे, उर्दूतले कागद आणि काही छायाचित्रे आहेत. एका संशोधक मुलाने ती मागितली आहेत. द्यावीत काय?

उत्तर : मूळ कागद कोणाच्याही हाती सोपवू नयेत, त्या मुलाला आपल्या घरी बसून पाहू द्यावेत आणि त्यांची छायाचित्रे घेऊ द्यावीत. हे मी अनुभवाने लिहितो. विद्यार्थी असताना मी एका वृद्ध सैनिकाची वही अभ्यासासाठी घरी आणली होती. परीक्षेच्या धांदलीत ती परत करायची राहिली, आणि मी ती घेऊन गेलो तेव्हा ते हयात नव्हते. त्यातील कोणती नोंद त्यांची स्वतःची आणि कोणती त्यांच्या भावाची, हे सांगणारा माणूस उरला नव्हता.

पेटीतला कागदांचा क्रम बदलू नये, कारण कोणता कागद कशासोबत ठेवला होता, हीसुद्धा माहितीच असते. फाटलेल्या पत्रांना चिकटपट्टी लावू नये आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नये. त्या उष्णतेने जुना कागद कायमचा खराब होतो. पुढे एखाद्या विद्यापीठाला किंवा संशोधन संस्थेला हे कागद द्यावयाचे ठरले, तर प्रत्येक कागदाची यादी करून तिच्यावर पोच घ्यावी आणि कुटुंबाच्या नावाची नोंद राहील, असे लेखी ठरवून घ्यावे.

छायाचित्रांचे काम मात्र पुढे ढकलू नये. १९४८ मध्ये जे पंधरा वर्षांचे होते, ते आज नव्वदीच्या पुढे आहेत. आपल्या सासूबाई किंवा त्यांच्या पिढीतले कोणी नात्यात असतील, तर या आठवड्यातच त्यांच्याजवळ बसावे, प्रत्येक छायाचित्रातील माणसे कोण, हे डावीकडून उजवीकडे विचारत जावे आणि ती नावे छायाचित्राच्या मागच्या बाजूला शाईने न लिहिता मऊ पेन्सिलीने लिहून ठेवावीत.