राजाचं गाणं की राष्ट्राचं? 'राष्ट्रगीत' या शब्दाबद्दल

बातम्यांचं मराठीकरण करणाऱ्या एका ताईंनी विचारलं आहे: "ब्रिटनच्या 'गॉड सेव्ह द किंग'ला आपण सर्रास 'ब्रिटनचं राष्ट्रगीत' म्हणतो. पण ते सगळं राजासाठी आहे, पहिल्या कडव्यात देशाचं नावसुद्धा नाही. मग त्याला 'राष्ट्रगीत' म्हणणं चूक नाही का? 'राजगीत' म्हणावं का? आणि मुळात अशा गीतात गौरव राजाचा असावा की राष्ट्राचा?"

ताई, चूक नाही. 'राष्ट्रगीत' हा शब्द गाण्यात काय आहे ते सांगत नाही, त्या गाण्याला मान कोणता आहे ते सांगतो. आपल्याकडचा 'कुलदैवत' हा शब्द घ्या. खंडोबा एका घरचं कुलदैवत असतो, शेजारच्या घरी त्याला नुसता नमस्कार होतो. खंडोबा तोच, नातं वेगळं. तसंच हे गाणं लंडनमध्ये राष्ट्रगीत आहे आणि तेही कायद्याने नव्हे, वहिवाटीने. कॅनडात 1980 पासून 'ओ कॅनडा' हे राष्ट्रगीत आहे आणि ऑस्ट्रेलियात 1984 पासून 'अ‍ॅडव्हान्स ऑस्ट्रेलिया फेअर'. या दोन्ही देशांत 'गॉड सेव्ह द किंग' राजाच्या मानाचं गाणं म्हणून उरलं. न्यूझीलंडने 1977 मध्ये दोन गीतांना बरोबरीचा दर्जा दिला, त्यामुळे तिथे ते अजूनही दोन राष्ट्रगीतांपैकी एक आहे. म्हणून बातमी कुठली आहे ते पाहून शब्द लावावा.

पण तुमची खटक खरी आहे. गंमत अशी, की 'राष्ट्र' या शब्दाच्या पोटातच राजा बसलेला आहे. संस्कृत वैयाकरण हा शब्द 'राज्' या धातूपासून साधतात. राज् म्हणजे शोभणं, झळकणं आणि राज्य करणं. 'राजा'ही त्याच धातूचा. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात वाग्देवी स्वतःबद्दल म्हणते, 'अहं राष्ट्री संगमनी वसूनाम्'. तिथे 'राष्ट्री' म्हणजे सत्ता चालवणारी, राणी. मनुस्मृतीत राज्याची सात अंगं मोजताना स्वामी आणि अमात्य यांच्यानंतर पुर येतं आणि मग राष्ट्र. म्हणजे राजा ज्यावर राज्य करतो तो मुलूख. त्या अर्थाने पाहिलं तर राष्ट्राच्या गीतात राजा असला, तर प्राचीन पंडिताला काहीच वावगं वाटलं नसतं.

आपल्या मनातला अर्थ, म्हणजे एकत्र नांदणारे आणि स्वतःला एक समजणारे लोक, या शब्दाला एकोणिसाव्या शतकात चिकटला. 1885 मध्ये स्थापन झालेल्या काँग्रेसला मराठीत 'राष्ट्रीय सभा' म्हणू लागले, तेव्हा त्या 'राष्ट्रीय'मध्ये कोणी राजा नव्हता. शब्द तोच राहिला आणि त्यातला धनी बदलला. तुम्हाला जे खटकतं ते या नव्या अर्थामुळे, आणि माझ्या मते ते खटकायलाच हवं.

आता मूळ गाण्याकडे येतो, कारण ते पहिल्यांदा गाजलं कुठे, तर नाट्यगृहात. सप्टेंबर 1745 मध्ये स्टुअर्ट घराण्याचा राजपुत्र चार्ल्स स्कॉटलंडात उतरून वडिलांच्या वतीने गादीवर हक्क सांगत होता. प्रेस्टनपॅन्सच्या लढाईत त्याने सरकारी फौजेचा पराभव केला. बातमी लंडनला पोचली आणि 28 सप्टेंबरला ड्रुरी लेन थिएटरात नाटक संपल्यावर नटमंडळींनी पुढे येऊन दुसऱ्या जॉर्जसाठी हे गाणं म्हटलं. त्यासाठी चालीची स्वरमांडणी केली होती टॉमस आर्न या संगीतकाराने. लोकांना ते इतकं भावलं, की पुढे प्रयोगानंतर ते म्हणण्याचा पायंडा पडला. विसाव्या शतकातही कित्येक दशकं तिकडे सिनेमाचा खेळ संपल्यावर ते वाजायचं.

नाटक संपताना नटांनी राजासाठी शुभ मागायचं, याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: भरतवाक्य. शाकुंतलाचं भरतवाक्य 'प्रवर्ततां प्रकृतिहिताय पार्थिवः' असं सुरू होतं. राजा प्रजेच्या हिताला लागो. इथे 'प्रकृति' म्हणजे प्रजा. इंग्रजी गीताच्या शेवटच्या कडव्यात काय मागितलं आहे? त्याने आमच्या कायद्यांचं रक्षण करावं आणि मनापासून गाण्यासाठी आम्हाला सदैव कारण द्यावं. हे 'कारण द्यावं' मला फार मोलाचं वाटतं. नुसता जयजयकार नाही, राजाने काय करायचं तेही त्यात आहे. राजाला उद्देशून असलेलं गीत प्रजेचं होतं ते अशाच ओळीत. भाषांतर करताना पहिल्या कडव्यावर थांबू नका, ही माझी कळकळीची विनंती.

तरीही विचाराल तर राष्ट्राचा मान राष्ट्रालाच, असं मी म्हणेन. ड्रुरी लेनच्या त्या रात्रीच त्याचं कारण दिसतं. राजे दोन होते. चार्ल्सच्या मागे गेलेल्या डोंगराळ मुलखातल्या माणसाला हे गाणं आपलं कसं वाटणार? राजाचं गाणं जन्मतःच एका बाजूचं होतं. वेल्सचे लोक आजही रग्बीच्या सामन्याआधी 1856 मध्ये पाँटिप्रिथ इथे रचलेलं, पूर्वजांच्या भूमीचं गाणं वेल्श भाषेत म्हणतात. त्यात राजा नाही आणि ते गाताना मोठी माणसं रडतात. त्यालाही बिनदिक्कत 'वेल्सचं राष्ट्रगीत' लिहा.

दोन मानांची फोड शब्दांतच करून टाकणारा देश म्हणजे थायलंड. मराठी माणसाला तर त्यांचे शब्द ऐकून घरी आल्यासारखं वाटेल. तिथे राष्ट्रगीताला 'फ्लेंग चात' म्हणतात. 'फ्लेंग' म्हणजे गाणं, आणि 'चात' म्हणजे आपला 'जाति'. जन्माने एक असलेले लोक, म्हणून राष्ट्र. आपल्याकडे जो शब्द माणसं वेगळी करण्यासाठी वापरला गेला, तोच तिथे सगळ्यांना एकत्र बांधतो. त्या गीताचा पहिला शब्द 'प्रथेत', म्हणजे आपला 'प्रदेश'. राजासाठीचं गाणं वेगळं आहे आणि त्याच्या नावात 'बारमी' हा शब्द येतो. तो पालीतला 'पारमी', साधनेने कमावलेलं पुण्यबळ. 1932 मध्ये राजाची अनियंत्रित सत्ता संपेपर्यंत हे राजाचं गाणंच राष्ट्रगीताच्या जागी होतं. नंतर नवं गीत आलं. त्याचे आजचे शब्द 1939 चे. आता सकाळी आठ आणि संध्याकाळी सहा वाजता राष्ट्राचं गाणं लागतं, आणि चित्रपटगृहात सिनेमाआधी राजाचं. एकाने दुसऱ्याची जागा बळकावलेली नाही.

डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन इथेही राजाचं गाणं निराळं आहे. जपानमध्ये मात्र सगळा वाद 'किमिगायो'तल्या 'किमि' या एका शब्दावर आहे. मूळ कविता हजार वर्षांहून जुनी. एखाद्या आदरणीय व्यक्तीला दीर्घायुष्य चिंतणारी, आपल्या 'शतायुषी व्हा'सारखी. 'किमि' म्हणजे स्वामी, आणि प्रेमाच्या माणसाला 'तू'सुद्धा. 1999 मध्ये कायद्याने ते राष्ट्रगीत ठरलं, तेव्हा सरकारने 'किमि' म्हणजे सम्राट, पण राष्ट्राचं आणि लोकांच्या ऐक्याचं प्रतीक असलेला सम्राट, असा अर्थ लावला. राजसत्तेचा शब्द लोकसत्तेत बसवायला अशी कसरत करावी लागते.

आपल्यालाही ती करावी लागली आहे. 'जन गण मन' 27 डिसेंबर 1911 ला काँग्रेसच्या कलकत्ता अधिवेशनात गायलं गेलं. त्याच महिन्यात पंचम जॉर्जचा दिल्ली दरबार झाला होता, म्हणून 'अधिनायक' म्हणजे तो राजा, हा आरोप अजून ऐकू येतो. टागोरांनी 1937 मध्ये पत्र लिहून तो फेटाळला. पत्र बाजूला ठेवलं तरी कवितेचं व्याकरणच साक्ष देतं. तिसऱ्या कडव्यात तो 'चिरसारथि' आहे, युगानुयुगांच्या यात्रेकरूंचा रथ हाकणारा. चौथ्यात त्यालाच 'स्नेहमयी तुमि माता' म्हटलं आहे. कुठला बादशहा स्वतःला माता म्हणवून घेईल? पाचव्या कडव्यात 'जय राजेश्वर' आहे, हे लपवायचं कारण नाही. पण तो समास सोडवा: राजांचा ईश्वर. राजाच्याही वर असलेला. 'राष्ट्र' शब्दातून राजा बाहेर पडल्यावर त्याच्या जागी कोण आलं, याचं मला पटणारं उत्तर या गीतात आहे.

राहिला 'राजगीत'. अर्थाला शब्द चोख आहे, पण 2023 पासून 'जय जय महाराष्ट्र माझा' हे आपलं 'राज्यगीत' आहे. बातमी वाचताना 'राजगीत' आणि 'राज्यगीत' यांत एका य-चाच फरक राहतो आणि कानाला तो लागतच नाही. म्हणून मी 'राजवंदना' सुचवीन. हे गाणं बहुतेक वेळा राजाला किंवा राजघराण्यातल्या कुणाला मानवंदना म्हणूनच वाजतं, तेव्हा अर्थही जुळतो. आणखी एक खबरदारी. हिंदी मजकुरावरून काम करत असाल तर तिकडे 'राष्ट्रगान' म्हणजे 'जन गण मन' आणि 'राष्ट्रगीत' म्हणजे 'वंदे मातरम्'. मराठीत शाळेपासून 'राष्ट्रगीत' म्हटल्यावर 'जन गण मन'च सुरू होतं. तेव्हा हिंदीतला शब्द उचलून तसाच ठेवू नका.

तुमची वाक्यं अशी होतील: 'लंडनमध्ये राज्याभिषेकाच्या वेळी राष्ट्रगीत झालं.' 'राजे चार्ल्स ओटावात पोचताच राजवंदना आणि नंतर कॅनडाचं राष्ट्रगीत वाजवण्यात आलं.' सूर दोन्हीकडे तोच असला, तरी शब्द दोन.