धावण्यासाठी बूट कोणते घ्यावेत? पायांच्या डॉक्टरांना वाचकांचे प्रश्न

जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन आणि गावोगावच्या अर्धमॅरेथॉन जवळ येऊ लागल्या की पायांच्या तक्रारींची पत्रे वाढतात. या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांत एकच विचारणा आहे: बूट कोणत्या कंपनीचे घ्यावेत? मी अस्थिरोगतज्ज्ञ असून पाऊल आणि घोटा यांच्यावरच उपचार करतो, तरीही या प्रश्नाचे उत्तर मी कंपनीच्या नावाने देणार नाही, कारण एकाच कंपनीच्या दोन बुटांत पुष्कळ फरक असतो आणि एकाला मानवलेला बूट दुसऱ्याला मानवेलच असे नाही. पायात घातल्यापासूनच सुखकर वाटणारा आणि बोटांना मोकळी जागा देणारा बूट, ही माझी पहिली कसोटी आहे. किंमत, रंग आणि विक्रेत्याची शिफारस यांचा विचार त्यानंतर करावा.

प्रश्न : दुकानात मला ट्रेडमिलवर पळवून पायांचा व्हिडिओ काढला आणि ‘तुमचे पाय सपाट आहेत, घोटे आत झुकतात, साधे बूट वापरलेत तर गुडघे जातील’ असे सांगून महागडे स्टॅबिलिटी शूज, म्हणजे घोट्याला आतून आधार देणारे बूट दाखवले. मी तीन वर्षे धावतो आहे आणि मला काहीही दुखत नाही. हे बूट घ्यावेत का? (वाचक, ठाणे, वय ३४)

काहीही दुखत नसेल तर केवळ त्या व्हिडिओच्या आधारावर बूट बदलण्याची गरज नाही. पाऊल जमिनीवर टेकले की घोटा थोडा आत झुकतो आणि तळव्याची कमान खाली येते. यालाच प्रोनेशन म्हणतात. हा आजार नाही. धक्का सोसण्याची ती पायाची नैसर्गिक रीत आहे आणि पावलातली २६ हाडे व त्यांना बांधून ठेवणारे अस्थिबंध याच हालचालीसाठी घडलेले आहेत.

सपाट, मध्यम आणि उंच कमानीचे पाय असे तीन वर्ग करून प्रत्येकाला वेगळ्या प्रकारचा बूट देण्याची पद्धत अनेक वर्षे रूढ होती, आणि ती ऐकताक्षणी पटते, म्हणूनच ती दुकानांत अजून टिकून आहे. प्रत्यक्ष पडताळणीत मात्र तिला फारसा आधार मिळाला नाही. अमेरिकेच्या लष्करात, हवाई दलात आणि मरीन कोअरमध्ये नव्याने भरती झालेल्या काही सैनिकांना तळव्याच्या आकाराप्रमाणे बूट दिले आणि इतरांना सरसकट एकाच प्रकारचे बूट दिले, तेव्हा दोन्ही गटांतील दुखापतींत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. डेन्मार्कमध्ये ९२७ नवशिक्या धावणाऱ्यांना सारखेच साधे बूट देऊन वर्षभर त्यांची नोंद ठेवली गेली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातही मध्यम प्रमाणात घोटा आत झुकणाऱ्यांना अधिक दुखापती झाल्याचे दिसले नाही. कॅनडातील कॅलगरी विद्यापीठाचे संशोधक बेनो निग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली असे मांडले की प्रत्येक शरीराची हालचालीची स्वतःची एक वाट असते आणि धावणाऱ्याला जो बूट आपसूक सुखकर वाटतो, तो बहुधा त्या वाटेच्या आड येत नाही. हा विचार अजून पूर्णपणे सिद्ध झालेला नाही, परंतु माझ्या दवाखान्यातील अनुभवाशी तो जुळतो आणि मी रुग्णांना त्याच अंगाने सल्ला देतो.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. लक्झेंबर्गमध्ये ३७२ हौशी धावपटूंवर झालेल्या अभ्यासात घोट्याला आतून आधार देणाऱ्या बुटांचा उपयोग दिसला, आणि तो मुख्यतः ज्यांचे पाय आत झुकणारे होते त्यांना झाला. त्यामुळे एखाद्याचा घोटा ठळकपणे आत झुकत असेल आणि नडगीची आतली बाजू किंवा घोटा वारंवार दुखत असेल, तर त्याने असे बूट वापरून पाहण्यास माझी हरकत नाही.

आपले सपाट पाय तपासण्याची एक सोपी रीत आहे. भिंतीला हात टेकून दोन्ही चवड्यांवर उभे राहा आणि घरातल्या कोणाला तरी मागून पाहायला सांगा. टाचा उचलल्यावर कमान दिसू लागली आणि टाचा किंचित आतल्या बाजूला वळल्या, तर तुमचे पाय लवचीक आहेत आणि त्यांची काळजी करण्याचे कारण नाही. कमान उमटलीच नाही, किंवा मोठेपणी एकाच पायाची कमान नव्याने खचू लागली, तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवावे. अशा वेळी कमान उचलून धरणारी कंडरा कमकुवत झालेली असू शकते आणि बूट बदलून ती बरी होत नाही.

प्रश्न : साताऱ्याच्या घाटातल्या अर्धमॅरेथॉननंतर माझ्या दोन्ही अंगठ्यांची नखे काळी पडली. माझा चवडा रुंद आहे आणि बायकांचे बूट नेहमी करकचतात. पुरुषांचे बूट घेतले तर चालतील का? (वाचक, सातारा, वय ४१)

चालतील, पण टाच नीट बसते का ते पाहावे. पुरुषांचा साधा बूट बायकांच्या साध्या बुटापेक्षा रुंद असतो, मात्र त्याची टाचही रुंद असते आणि पुष्कळ स्त्रियांची टाच चवड्याच्या मानाने निमुळती असल्यामुळे ती त्यात वर-खाली सरकते. त्याआधी तुमच्याच मापात रुंद बूट मिळतो का, ते विचारा. बायकांच्या बुटांत बी म्हणजे साधी रुंदी आणि डी म्हणजे रुंद. पुरुषांच्या बुटांत डी म्हणजे साधी आणि टू-ई म्हणजे रुंद. बहुतेक दुकानदार रुंद बूट न मागवता एक-दोन नंबर मोठा बूट पुढे करतात, आणि तेथेच घोटाळा होतो, कारण लांबी वाढली तरी चवडा अडकलेलाच राहतो आणि पाऊल पुढे घसरते.

तुमची तक्रार एकटीची नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरातील एक लाखाहून अधिक लोकांच्या पावलांची मापे घेतली, तेव्हा भारतीयांचे पाय युरोपीय व अमेरिकी पायांपेक्षा सर्वसाधारणपणे रुंद असल्याचे आढळले. आपल्या बाजारातील बूट मात्र इंग्लंड-अमेरिकेच्या मापांवर बेतलेले असतात. आपल्याकडे किती जण वर्षानुवर्षे अरुंद बुटांत पाय कोंबून कुरुपे आणि घट्टे जोपासत आहेत, हे मी रोज पाहतो आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते.

नखे काळी पडण्याचे कारण बहुधा उतारावर आहे. यवतेश्वरचा घाट उतरताना प्रत्येक पावलाला अंगठा बुटाच्या टोकावर आपटतो आणि नखाखाली रक्त साकळते. यावर दोन उपाय आहेत. बूट घालून उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी, म्हणजे सुमारे एक ते दीड सेंटिमीटर जागा उरली पाहिजे. हे सर्वांत लांब बोट अंगठाच असेल असे नाही, अनेकांचे दुसरे बोट लांब असते. दुसरे असे, की घोट्याजवळच्या शेवटच्या जादा छिद्रांतून नाडी ओवून दोन्ही बाजूंना लहान फासे करावेत आणि नाडीची टोके समोरासमोरच्या फाशांतून काढून आवळावीत, म्हणजे टाच मागे धरून राहते आणि पाऊल पुढे सरकत नाही.

खरेदीला संध्याकाळी जावे, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो आणि धावतानाही तो फुगतोच. धावताना वापरायचे मोजे बरोबर न्यावेत, दोन्ही पाय उभ्याने मोजून मोठ्या पायाचे माप धरावे आणि दुकानातच थोडे पळून पाहावे. ‘वापरल्यावर सैल होईल’ या आश्वासनावर बूट घेऊ नये. बाळंतपणानंतर पाऊल कायमचे थोडे लांबलेले असू शकते, त्यामुळे लग्नाआधीचा नंबर आजही लागू असेल असे गृहीत धरू नये.

प्रश्न : मी पोलीस भरतीची तयारी करतो. सोळाशे मीटरसाठी रोज सकाळी डांबरी रस्त्यावर अनवाणी पळतो, कारण बूट जड वाटतात. महिनाभरापासून दोन्ही नडग्या दुखतात. मित्र म्हणतात, महाग बूट घेतले की थांबेल. तेवढे पैसे नाहीत. काय करू? (वाचक, बीड जिल्हा, वय २१)

तुमच्यासारखी मुले-मुली प्रत्येक भरतीच्या काळात माझ्याकडे येतात. जाहिरात निघते, ग्राउंडला म्हणजे मैदानी चाचणीला दोन-तीन महिने उरलेले असतात आणि शरीराला सवय नसताना एकदम रोज वेगाने पळणे सुरू होते. दुखण्याचे मुख्य कारण हेच असते. स्नायू काही आठवड्यांत तयार होतात. हाडाला नव्या भाराशी जुळवून घ्यायला त्याहून जास्त वेळ लागतो, आणि या मधल्या काळात नडगी बोलू लागते.

अनवाणी धावणे वाईटच असते असे मी म्हणणार नाही. इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६० साली रोममध्ये अनवाणी धावून ऑलिंपिक मॅरेथॉन जिंकला. पण तो तशाच सवयीत वाढलेला होता, आणि चारच वर्षांनी टोकियोत बूट घालून त्याने पुन्हा सुवर्णपदक मिळवले. नेहमीचे बूट सोडून दहा आठवड्यांत अगदी पातळ तळाच्या पादत्राणांकडे वळलेल्या धावपटूंच्या एमआरआय तपासण्या एका अमेरिकी अभ्यासात केल्या गेल्या, तेव्हा त्यांतील निम्म्याहून अधिक जणांच्या पावलाच्या हाडांत ताणाची सूज वाढलेली दिसली. बदल घाईने केला की हाड सोसत नाही, एवढे त्यातून नक्की कळते.

आता बुटांविषयी. महाग बुटांमुळे दुखापत टळते याला पुरावा नाही, त्यामुळे मित्रांचे ऐकून कर्ज काढू नका. ओळखीच्या कंपनीचा साधा, हलका, गेल्या वर्षीचा आणि म्हणून सवलतीत मिळणारा धावण्याचा बूट पुरेसा आहे. ‘फर्स्ट कॉपी’ म्हणून मिळणारे नकली बूट घेऊ नका; त्यांच्या तळातला फेस (फोम) कडक असतो आणि तळ लवकर सुटतो. दुसऱ्याने वापरलेले बूटही टाळा, कारण ते त्याच्या चालीप्रमाणे झिजलेले असतात. बूट हातात घेऊन टोक आणि टाच एकमेकांकडे दाबा: तो चवड्यापाशी वाकला पाहिजे, मधोमध मोडता कामा नये. मग टेबलावर ठेवून मागून पाहा. नवा बूट एका बाजूला कललेला दिसला तर परत करा.

सध्या दोन आठवडे धावणे थांबवा आणि त्याऐवजी सायकल चालवा. नंतर एक दिवसाआड, शक्यतो मातीच्या मैदानावर सावकाश सुरुवात करा आणि वेग सर्वांत शेवटी वाढवा. रोज पायरीवर चवड्यांनी उभे राहून टाचा वर-खाली करा, त्याने पोटऱ्या बळकट होतात. ग्राउंडच्या दिवशी सरावातलेच बूट घाला.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे घ्या. नडगीवर लांबवर पसरलेले दुखणे विश्रांतीने बहुधा बरे होते. पण एका बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी हाड दुखत असेल, रात्री किंवा बसल्या जागीही ठणकत असेल, तर हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. अशा तड्याच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साधा एक्स-रे पुष्कळदा स्वच्छ दिसतो, म्हणून ‘एक्स-रेत काही नाही’ एवढ्यावर पुन्हा पळू नका. तुमच्याबरोबर आठशे मीटरची तयारी करणाऱ्या मुलींनाही निरोप द्या: पाळी अनियमित झाली असेल आणि जेवण कमी पडत असेल, तर हाडे कमकुवत होण्याचा धोका वाढतो आणि त्यावर कोणताही बूट उपाय नाही.

प्रश्न : कार्बन प्लेटचे, म्हणजे तळात कार्बनची कडक पट्टी असलेले बूट रोजच्या सरावाला वापरावेत का? (वाचक, पुणे, वय २९)

नाही. ते शर्यतीसाठी आणि थोड्या वेगवान सरावासाठी ठेवावेत. त्यांनी पळण्याला लागणारी शक्ती वाचते हे खरे आहे, परंतु भार पावलाच्या मधल्या हाडांवर वेगळ्या रीतीने पडतो. असे बूट वापरणाऱ्या पाच धावपटूंच्या पावलातील नौकाकृती हाडाला ताणाची इजा झाल्याची नोंद २०२३ साली प्रसिद्ध झाली. पाच रुग्णांवरून नियम ठरत नाही, पण ते हाड भरून यायला फार वेळ घेते, म्हणून मी सावध राहण्यास सांगतो.

प्रश्न : बूट किती किलोमीटरनंतर बदलावेत? पावसाळ्यात भिजलेले बूट कसे वाळवावेत? (वाचक, रत्नागिरी, वय ३७)

साधारण ५०० ते ८०० किलोमीटर हा व्यवहारात वापरला जाणारा अंदाज आहे. तळाच्या नक्षीपेक्षा तिच्यावरचा फेस पाहावा: त्याला आडव्या सुरकुत्या पडल्या, बूट एका बाजूला झुकला किंवा कारण नसताना पोटऱ्या व गुडघे कुरकुरू लागले, तर वेळ झाली आहे. भिजलेल्या बुटातला आतला तळ आणि नाड्या काढाव्यात, आत वर्तमानपत्राचे बोळे भरून ते बदलत राहावेत आणि बूट पंख्याखाली वाळवावेत. कडक ऊन किंवा हीटर यांनी चिकटवलेला तळ सुटतो. कोकणातल्या पावसात एक रात्र पुरत नाही, म्हणून शक्य असेल तर दोन जोड आलटून पालटून वापरावेत. बोटांच्या बेचकीत चिखल्या झाल्या असतील तर पाय पूर्ण कोरडे करून बुरशीवरचे मलम डॉक्टर सांगतील तितके दिवस लावावे. खाज थांबली की मलम सोडल्यास त्या परत येतात.

प्रश्न : मला बारा वर्षांपासून मधुमेह आहे. निवृत्तीनंतर हळूहळू पळू लागलो आहे. बागेतल्या ॲक्युप्रेशरच्या खडीवर अनवाणी चाललेले चांगले असे सगळे सांगतात. तळव्याला हल्ली मुंग्या येतात. बूट कसे असावेत? (वाचक, नागपूर, वय ६१)

आपण त्या खडीवर चालू नये, आणि मुंग्या येत आहेत तोवर तपासणी केल्याशिवाय पळूही नये. मुंग्या येणे हे संवेदना कमी होत असल्याचे पहिले लक्षण असू शकते. एका बारीक नायलॉनच्या तंतूने तळव्याला स्पर्श करून ही तपासणी काही मिनिटांत होते. पावलाची नाडी आणि रक्तपुरवठाही त्याच वेळी पाहून घ्यावा.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ पासून काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांचे पाय अभ्यासून दाखवून दिले की बहुतेक जखमा थेट रोगाने होत नाहीत. वेदना कळत नसल्यामुळे त्याच जागी पुन्हा पुन्हा पडणारा दाब त्या घडवतो. पुढे अमेरिकेत त्यांनी हीच समज मधुमेहींच्या पायांना लावली. आधीच्या उत्तरांत मी ‘सुखकर वाटणे’ ही कसोटी सांगितली, ती आपल्याला लागू नाही, कारण बधिर पायाला घट्ट बूटही सुखकर वाटतो. म्हणून माप कोऱ्या कागदावर काढलेल्या पायाच्या आखणीवरून घ्यावे, बुटाचा पुढचा भाग रुंद व खोल असावा आणि आत शिवणीचा उंचवटा नसावा. नवा बूट पहिल्या दिवशी अर्धा तासच घालावा आणि काढल्यावर लाल डाग दिसला, तर तो बूट वापरू नये. मोजे पांढरे घ्यावेत, म्हणजे रक्त किंवा पाणी आले तर लगेच दिसते. बूट घालण्यापूर्वी तो झटकून आत हात फिरवावा. खडा आत असूनही दिवसभर न कळल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. नागपूरच्या उन्हाळ्यात तापलेल्या फरशीवरून अनवाणी प्रदक्षिणा घालणेही टाळावे, त्याने तळवे भाजतात आणि ते रात्री मोजे काढेपर्यंत लक्षात येत नाही. तळवे रोज आरशात पाहावेत किंवा घरच्यांना दाखवावेत, आणि साधा फोड आला तरी तो घरी न फोडता त्याच दिवशी दवाखान्यात यावे.