थ्रीडी प्रिंटिंगचा कोर्स लावावा का?

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे. शाळेच्या अटल टिंकरिंग लॅबमध्ये तिने थ्रीडी प्रिंटरवर प्लास्टिकचा कृत्रिम हात केला. आता लहान मुलांसाठी अशीच उपकरणं बनवायची म्हणते. सहा महिन्यांचा थ्रीडी प्रिंटिंगचा कोर्स आहे, फी बरीच आहे. लावावा का? – एक पालक, इचलकरंजी

उत्तर : नमस्कार. एवढ्यात फी भरू नका. प्रिंटर चालवणं तिला जमतंच आहे. खरी मेख पुढे आहे, ती शरीर समजण्यात.

तिला एक उदाहरण सांगा. 2012 मध्ये अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात डॉ. ग्लेन ग्रीन आणि इंजिनिअर स्कॉट हॉलिस्टर यांनी एका तान्ह्या बाळाच्या श्वासनलिकेसाठी आधार छापला. नलिकेची डावी शाखा इतकी लिबलिबीत होती की श्वास सोडताना ती मिटायची. सीटी स्कॅनवरून मापं घेऊन बाहेरून बसेल अशी नळी केली आणि शाखा तिला टाक्यांनी बांधून उघडी ठेवली. नळी एका बाजूने मुद्दाम उभी चिरलेली होती, कारण बाळ वाढेल तशी ती रुंदावायला हवी. आणि नळीसाठी पॉलिकॅप्रोलॅक्टोन हेच प्लास्टिक का? ते साधारण तीन वर्षांत शरीरात विरून जातं, तोवर नलिका स्वतः भक्कम होते. ही चीर आणि हे प्लास्टिक सुचायला प्रिंटरचा कोर्स पुरत नाही.

स्कॅन, डिझाइन, मटेरियल यांत रस असेल तर मेकॅनिकल किंवा बायोमेडिकल इंजिनिअरिंग. (माझं मत मेकॅनिकलकडे झुकतं, पाया रुंद राहतो, बायोमेडिकल एम. टेक.ला करता येतं.) आयआयटी मुंबईच्या ‘बेटिक’मध्ये डॉक्टर आणि इंजिनिअर मिळून उपकरणं घडवतात, तिथलं काम तिने जरूर पाहावं.

मुलांसोबत बसून काम करायचं असेल तर बॅचलर इन प्रॉस्थेटिक्स अँड ऑर्थोटिक्स, म्हणजे कृत्रिम अवयव आणि अवयवांना आधार देणारी उपकरणं बनवून बसवण्याची पदवी. मुंबईत हाजी अलीच्या पुनर्वसन संस्थेत हा अभ्यासक्रम आहे. त्याची फारशी कुणाला माहिती नसते, याचं मला नवल वाटतं. बायोलॉजी सोडली असेल तर प्रवेशाची अट आधी तपासा.

सुट्टीत तिला कृत्रिम अवयव बसवणाऱ्या एखाद्या केंद्रात परवानगी काढून दोन-चार दिवस बसू द्या. सॉकेटची, म्हणजे कृत्रिम अवयवाच्या शरीरावर चढणाऱ्या खोबणीची, कड कातडीला कुठे काचते, वर्षभरात तो तोकडा कसा पडतो, पोरगं तो काढून का फेकतं, हे तिला बघू दे. मग पुढचं पत्र तिलाच लिहायला सांगा.